झोन फाइल बदलली, रिलोड ‘सक्सेसफुल’, तरी नेमडी जुनाच सीरियल देतोय

नोंदवही | मंगळवार, ११:१०

नमस्कार मंडळी. सकाळी साडेआठपासून डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) एकाच झोनपाशी, म्हणजे एका डोमेनच्या नोंदींपाशी, अडून बसले आहे. नेमडी, म्हणजे बाइंड हा आमचा डीएनएस सर्व्हर, अजून जुनाच सीरियल (झोनचा आवृत्तीक्रमांक) देतोय. जाणत्या माणसाने एकदा नजर टाकावी, अशी विनंती.

आम्ही मेल सर्व्हर नव्या यंत्रावर हलवतोय. जुनं यंत्र शुक्रवारी बंद होणार, आणि ती तारीख पुढे जाणार नाही. मागच्याच आठवड्यात मेलच्या ए रेकॉर्डचा (नावाचा आयपी पत्ता सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे कॅशमध्ये राहण्याची सेकंदांतली मुदत, ८६४०० वरून ३०० वर आणून ठेवला होता, म्हणजे पत्ता बदलला की पाच मिनिटांत जुना पत्ता सगळ्यांच्या कॅशमधून उतरेल. आज फक्त पत्ता बदलायचा होता: १९२.०.२.२५ काढून १९२.०.२.४०. एका ओळीचं काम.

मांडणी अशी. डेबियन १२ वर बाइंड ९.१८, एक प्रायमरी (मूळ झोन ठेवणारी) आणि तिच्याकडून प्रत घेणाऱ्या दोन सेकंडरी. झोन फाइली गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात) असतात. बदल मी माझ्या यंत्रावर करते, तिथेच नेमड-चेकझोन (झोन फाइल तपासणारं साधन) चालवते, मग आमची स्क्रिप्ट ‘आरसिंक -ए’ने फाइली प्रायमरीवर नेते आणि शेवटी ‘आरएनडीसी रिलोड’ देते, म्हणजे नेमडीला फाइली पुन्हा वाचायला सांगते. दोन वर्षं हीच रीत चालू आहे. अधूनमधून एखादा झोन रिलोडला दाद देत नाही असं दोनदा झालं होतं, पण तेव्हा घाई होती, रिस्टार्ट करून पुढे गेलो. त्या वेळीच तळाशी जायला हवं होतं, हे आज जाणवतंय.

आज तीन फाइली पाठवल्या: मुख्य डोमेन, दुसरं एक डोमेन आणि उलटा झोन, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या पीटीआरचा. शेवटचे दोन व्यवस्थित लोड झाले. लॉगमध्ये दोघांचीही ‘लोडेड सीरियल’ ओळ दिसते. मुख्य डोमेनबद्दल मात्र लॉग गप्प आहे. ‘लोडेड’ नाही, ‘एरर’ही नाही. शेवटी ‘रिलोडिंग झोन्स सक्सीडेड’, ‘ऑल झोन्स लोडेड’, ‘रनिंग’ अशा नेहमीच्या ओळी. आरएनडीसीचं उत्तर ‘सर्व्हर रिलोड सक्सेसफुल’.

काय काय तपासलं ते सांगते. प्रायमरीवरची फाइल उघडून पाहिली: नवा पत्ता आहे, सीरियल २०२४०९१७०१ आहे. त्याच फाइलवर, त्याच यंत्रावर नेमड-चेकझोन चालवलं तर तोही २०२४०९१७०१ लोड केल्याचं सांगून ओके म्हणतो. पण डिगने (डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या साधनाने) प्रायमरीलाच एसओए, म्हणजे सीरियल असलेली झोनची मुख्य नोंद, विचारला की उत्तर येतं २०२४०९१६०२, आणि मेलचा पत्ता जुना. रिलोड पाच-सहा वेळा देऊन झाला.

म्हणजे आत्ता पीटीआर नव्या पत्त्याचा आणि ए रेकॉर्ड जुन्या पत्त्याचा, अशी स्थिती आहे. नव्या यंत्रावरून मेल सोडायला लागलो तर समोरचे सर्व्हर दोन्ही बाजू जुळवून बघतील आणि आमचे मेल अडवतील. म्हणून नवं यंत्र थांबवून ठेवलंय.

रिस्टार्ट केलं तर बहुधा सुटेल. पण का अडलंय हे कळल्याशिवाय या वेळी रिस्टार्टला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

---

शून्यबिट | ११:२६

बहुतेक वेळा सीरियलचाच घोळ असतो. नवा सीरियल जुन्यापेक्षा मोठा आहे ना, नीट बघा. एखादा अंक जास्त पडला तरी गडबड होते. सीरियल ३२ बिटांचा असतो, ४२९४९६७२९५ च्या पुढे जातच नाही, आणि तुलना साध्या लहान-मोठ्याची नसते, गोल फिरणाऱ्या आकड्यांची असते. शिवाय तुम्ही विचारताय ते नक्की प्रायमरीलाच ना? माझ्याकडे एकदा अर्धा दिवस मी सेकंडरीलाच विचारत बसलो होतो.

---

नोंदवही | ११:३४

अंक दहाच आहेत आणि नवा सीरियल मोठा आहे. डिगला प्रायमरीचा आयपी थेट दिलाय आणि रिकर्शन (दुसऱ्या सर्व्हरकडून उत्तर शोधून आणणं) बंद ठेवून विचारलंय. खात्रीसाठी प्रायमरीवर लॉगिन करून १२७.०.०.१ लाही विचारलं. उत्तर तेच. व्ह्यू (विचारणाऱ्यानुसार वेगळं उत्तर देण्याची सोय) वापरत नाही, त्यामुळे दोन व्ह्यूंत दोन वेगळे झोन असण्याचा प्रश्न नाही.

---

गाठसोडव | ११:५०

इथे एक दुरुस्ती सुचवतो, कारण हा समज फार पसरलेला आहे. सीरियल वाढवला नाही म्हणून प्रायमरी फाइल लोड करायला नकार देत नाही. सीरियल तोच असेल तर नेमडी लॉगमध्ये ‘सीरियल अनचेंज्ड’ असा इशारा देतो, कमी झाला असेल तर ‘मागे गेला’ म्हणतो, पण दोन्ही वेळा नवी फाइल लोड करतो. अडतात त्या सेकंडरी, कारण त्या सीरियल बघूनच झोन न्यायचा की नाही ते ठरवतात. इथे प्रायमरीच जुनं सांगतेय, तेव्हा सीरियल बाजूला ठेवू.

माझा संशय डायनॅमिक झोनवर, म्हणजे ज्यात सर्व्हर स्वतःच बदल लिहितो अशा झोनवर. त्या झोनच्या कॉन्फिगमध्ये ‘अलाउ-अपडेट’, ‘अपडेट-पॉलिसी’ किंवा डीएनएसएसईसीची (नोंदींवर डिजिटल सही करण्याची) ‘इनलाइन-साइनिंग’ आहे का? फाइलशेजारी ‘.जेएनएल’ने संपणारी जर्नल फाइल दिसते का? डायनॅमिक झोनची फाइल हाताने बदलायची तर आधी ‘आरएनडीसी फ्रीझ’, मग बदल, मग ‘थॉ’. तसं न करता फाइल बदलली की जर्नल आणि फाइल यांचा मेळ तुटतो. इनलाइन साइनिंग असेल तर सर्व्हर सही केलेल्या झोनचा स्वतःचा वेगळा सीरियल चालवतो, तोही फाइलमधल्या आकड्याशी जुळत नाही.

आणि परवानग्या? ‘आरसिंक -ए’ मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा नेतो. तुमच्या यंत्रावर ती फाइल फक्त तुम्हालाच वाचता येत असेल तर तिकडे ‘बाइंड’ या वापरकर्त्याला ती उघडता येणार नाही.

---

नोंदवही | १२:०८

तिन्ही झोन साधे आहेत, डायनॅमिक नाहीत, सह्याही नाहीत. जर्नल फाइल एकही नाही. परवानगी ६४४, मालक रूट. ‘बाइंड’ वापरकर्ता होऊन ती फाइल वाचून पाहिली, सरळ उघडते. ॲपआर्मरच्या (प्रोग्रामवर बंधनं घालणाऱ्या सुरक्षा यंत्रणेच्या) नकाराची ओळ कर्नलच्या लॉगमध्ये नाही. आणि परवानगी अडली असती तर नेमडीने लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ लिहिलंच असतं. मला जास्त खटकतंय ते हेच, की तो तक्रारच करत नाही.

---

शून्यबिट | १२:१५

मग रिस्टार्ट करून मोकळ्या व्हा ना. चेकझोन ओके म्हणतोय, फाइल बरोबर आहे. दोन सेकंदांचं काम.

---

जुनंखातं | १२:४१

थांबा. रिस्टार्ट नको, निदान आत्ता तरी नको. कारण सांगतो.

नेमडी झोन फाइलमधून उत्तरं देत नाही, मेमरीतून देतो. फाइल हे फक्त बी. रिलोडच्या वेळी नवी फाइल वाचताना चूक सापडली तर तो ‘नॉट लोडेड ड्यू टू एरर्स’ असं लिहितो आणि मेमरीतला जुना, चालता झोन तसाच ठेवतो. ही त्याची फार मोठी कृपा आहे. रिस्टार्ट केलात की मेमरी रिकामी. फाइल धड नसेल तर पूर्ण झोनला सर्व्हफेल, म्हणजे ‘उत्तर देता येत नाही’. माझ्या उमेदीच्या वर्षांत एका एसओएमधला मिटता कंस राहून गेला होता आणि मी रिलोड ‘लागत नाही’ म्हणून रिस्टार्ट केला. प्रायमरी त्या झोनपुरती मुकी झाली. सेकंडरींकडे एक्स्पायर (प्रायमरी नसताना उत्तरं देत राहण्याची मुदत) १४ दिवसांचा, म्हणजे १२०९६०० सेकंदांचा होता म्हणून बाहेरच्या जगाला कळलं नाही. तो आकडा कुणी हौसेने एका तासावर आणलेला असता तर त्या दिवशी आमचं डोमेन जगाच्या नकाशावरून गेलं असतं. आरएफसी १९१२ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजात १९९६ सालीच एक्स्पायर दोन ते चार आठवडे ठेवा असं लिहून ठेवलंय, ते उगाच नाही.

तुमची फाइल धड आहे, हे मान्य. पण मला दुसरीच गोष्ट टोचतेय. तुम्ही म्हणता, याआधीचा बदल मागच्या आठवड्यातला, टीटीएलचा. सर्व्हर मात्र २०२४०९१६०२ सांगतोय. १६ तारीख म्हणजे कालचा सोमवार, आणि शेवटचे दोन अंक ०२, म्हणजे त्या दिवसातला दुसरा बदल. हा सीरियल तुमच्या गिटच्या इतिहासात आहे का? नसेल तर काल तो कुणी लोड केला?

आता तीन गोष्टी करा आणि जे दिसेल ते जसंच्या तसं इथे लिहा.

पहिली, नुसता रिलोड देऊ नका, झोनचं नाव घालून द्या. नुसत्या रिलोडचं ‘सक्सेसफुल’ म्हणजे आज्ञा पोचली आणि फेरी पूर्ण झाली, इतकंच. एकेका झोनचं काय झालं हे त्यात नसतं. नाव घालून दिलात तर उत्तर त्या झोनबद्दल मिळतं.

दुसरी, ‘आरएनडीसी झोनस्टेटस’मध्ये ‘लास्ट लोडेड’ काय आहे ते पाहा.

तिसरी, सर्व्हरवरच्या त्या फाइलवर ‘स्टॅट’ चालवा आणि ‘मॉडिफाय’ची वेळ सांगा.

---

नोंदवही | १३:०५

जसंच्या तसं लिहिते. सगळी यंत्रं एकाच वेळेवर आहेत, तेव्हा वेळा सरळ ताडता येतील.

झोनचं नाव घालून रिलोड दिल्यावर उत्तर: ‘झोन रिलोड अप-टू-डेट’.

झोनस्टेटसमध्ये सीरियल २०२४०९१६०२, लास्ट लोडेड सोमवार, १६ सप्टेंबर, १८:५२.

फाइलची मॉडिफाय वेळ: सोमवार, १६ सप्टेंबर, १६:१०.

१६:१० ला मीच ती फाइल माझ्या यंत्रावर सेव्ह केली होती. बदल आज जाणार म्हणून सीरियल आजच्या तारखेचा लिहून ठेवला होता. आणि तुम्ही म्हणता ते खरं आहे, गिटमध्ये २०२४०९१६०२ हा आकडा कुठेच नाही. तिथे शेवटचा २०२४०९१००१ आहे. सकाळपासून मी त्या आकड्याकडे ‘जुना सीरियल’ म्हणून बघत होते, तो कुणाचा आहे हे मनातच आलं नाही.

---

जुनंखातं | १३:२२

सापडलं तर. ‘अप-टू-डेट’ म्हणजे नेमडीने तुमची फाइल उघडलीच नाही.

रिलोडच्या वेळी तो प्रत्येक झोन फाइलचा मजकूर वाचत बसत नाही. हजारो झोन असलेल्या सर्व्हरला ते परवडणारं नाही. तो फाइलची बदलाची वेळ बघतो आणि मागच्या लोडच्या वेळी लक्षात ठेवलेल्या वेळेशी ताडतो. फाइलची वेळ त्यापुढची असेल तरच वाचायला घेतो, नाहीतर ‘माझ्याकडे आहे ते ताजं आहे’ म्हणून पुढच्या झोनकडे वळतो. सीरियलपर्यंत तो पोचतच नाही, कारण सीरियल फाइलच्या आत असतो. त्याच्या मते ही चूक नाहीच, म्हणून लॉगमध्ये एरर नाही. टाळल्याची नोंद फक्त डीबगच्या पहिल्या पातळीला पडते. ‘आरएनडीसी ट्रेस १’ देऊन पुन्हा रिलोड केलात तर फाइल मागच्या लोडपेक्षा जुनी म्हणून लोड टाळला, अशी ओळ डीबग लॉगमध्ये दिसेल. पाहून झालं की ‘नोट्रेस’ द्यायला विसरू नका.

आता घटनाक्रम जुळवा. तुम्ही १६:१० ला फाइल सेव्ह केली. १८:५२ च्या सुमारास कुणीतरी थेट सर्व्हरवर ती फाइल हाताने बदलली आणि रिलोड केली. नेमडीच्या मनात १८:५२ पक्कं झालं. आज तुमच्या आरसिंकने नवा मजकूर नेला, पण ‘-ए’मध्ये ‘-टी’ही असतो, तो मूळ वेळ सोबत नेतो. म्हणजे आज सकाळी पोचलेली फाइल अंगावर कालच्या १६:१० चा शिक्का घेऊन गेली. बाकीच्या दोन झोनना मध्ये कुणी हात लावला नव्हता, ते सुरळीत लोड झाले. आधी दोनदा झालं तेही असंच असणार.

घाईने टच करू नका, म्हणजे फाइलची वेळ नुसती आत्ताची करू नका. टच केलं की फाइल लगेच लोड होईल, पण काल संध्याकाळी हाताने जे घातलं गेलं ते तुमच्या फाइलमध्ये नाही. डिस्कवर ते आज सकाळीच पुसलं गेलं. ते फक्त नेमडीच्या मेमरीत आणि सेकंडरींकडे उरलंय. रिस्टार्ट केला असतात तर प्रायमरीच्या मेमरीतूनही गेलं असतं, आणि तुमचा सीरियल मोठा, त्यामुळे क्षणात सेकंडरींकडूनही. ‘आरएनडीसी डंपडीबी -झोन्स’ द्या, म्हणजे मेमरीतले झोन फाइलमध्ये उतरतील, किंवा ट्रान्स्फरची परवानगी असलेल्या यंत्रावरून डिगने पूर्ण झोन एएक्सएफआर करून (सगळ्या नोंदी एकदम मागवून) घ्या, आणि तुमच्या फाइलशी ताडा.

---

नोंदवही | १४:४७

सुटलं. आणि रिस्टार्ट केला नाही याचं फार हायसं वाटतंय.

डंपडीबीने सर्व्हरच्या कॅश डिरेक्टरीत डंप फाइल तयार केली. त्यातला आमचा झोन आणि माझी फाइल ताडून पाहिली, तर मेलच्या पत्त्याशिवाय आणखी एकच फरक निघाला: एक टीएक्सटी (मोकळा मजकूर ठेवणारा) रेकॉर्ड. सहकाऱ्याला विचारलं. एका सेवेला डोमेनची मालकी सिद्ध करून द्यायची होती, मुदत कालच रात्रीपर्यंत होती, मी तेव्हा निघाले होते, म्हणून त्याने सर्व्हरवर जाऊन ओळ घातली, सीरियल व्यवस्थित वाढवला आणि रिलोड केला. पहिल्या प्रयत्नात अवतरणचिन्ह सुटलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा, म्हणून ०२. त्याने त्याच्या परीने सगळं नीट केलं होतं. गिटमध्ये सकाळी घालणार होता, तोवर माझी स्क्रिप्ट चालून गेली. ती सेवा हा रेकॉर्ड अधूनमधून पुन्हा तपासते, तेव्हा तो गेला असता तर काही दिवसांनी भलतंच काहीतरी बंद पडलं असतं आणि त्याचा या मेलच्या बदलाशी संबंध आम्हाला लागला नसता.

तो टीएक्सटी गिटमध्ये घातला, सीरियल २०२४०९१७०२ केला, चेकझोन करून फाइल पाठवली. फाइल आजच सेव्ह झाल्यामुळे तिची वेळ कालच्या १८:५२ च्या पुढची होती, टच करायची गरजच पडली नाही. या वेळी उत्तर आलं ‘झोन रिलोड क्यूड’, आणि लॉगमध्ये ज्या ओळीची सकाळपासून वाट बघत होते ती आली: लोडेड सीरियल २०२४०९१७०२. लगोलग नोटिफाय (झोन बदलल्याच्या सूचना) गेले, दोन्ही सेकंडरींनी झोन उचलला. तिन्हींना एसओए विचारला, तिन्हीकडून एकच आकडा.

स्क्रिप्टमध्ये काय बदलू? ‘-टी’ काढून टाकलं तर पुरे का?

---

गाठसोडव | १५:१०

‘-ए’सोबत ‘नो-टाइम्स’ द्या, म्हणजे फाइल पोचेल त्या क्षणाची वेळ तिला लागेल. पण एकटं तेवढं दिलंत तर वेळा कधीच जुळणार नाहीत, आरसिंक दर वेळी सगळ्या फाइली पुन्हा लिहील आणि न बदललेले झोनही लोड होत राहतील, ‘सीरियल अनचेंज्ड’चे इशारे लॉगभर. म्हणून जोडीला ‘चेकसम’ द्या, मग ज्याचा मजकूर खरोखर बदललाय तीच फाइल जाईल.

वेळेच्या या तुलनेत घड्याळाचा भरवसाही लागतो, हे ध्यानात असू द्या. एखाद्या यंत्राचं घड्याळ पुढे पळत असेल आणि तिथून मूळ वेळेसकट एखादी फाइल गेली, तर नेमडीच्या मनात भविष्यातली वेळ बसते. मग ती वेळ उलटेपर्यंत बरोबर घड्याळाच्या यंत्रावरून आलेली प्रत्येक फाइल त्याला जुनीच वाटते. आमच्याकडे हे घडलंय, आणि ‘संध्याकाळनंतर आपोआप चालू होतं’ एवढंच लक्षण हाती होतं. तेव्हापासून सगळ्या यंत्रांवर क्रोनी (घड्याळ जुळवून ठेवणारा प्रोग्राम) चालतो.

---

जुनंखातं | १५:३८

त्यात दोन पायऱ्या वाढवा. फाइल पाठवण्याआधी सर्व्हरवरचा सीरियल आणि गिटमधला आधीचा सीरियल ताडा. जुळले नाहीत तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं, म्हणजे सहकाऱ्याने घाईत केलेला बदल कुणी नकळत पुसणार नाही. आणि रिलोडनंतर आरएनडीसीच्या उत्तरावर विसंबू नका. प्रायमरी आणि दोन्ही सेकंडरींना एसओए विचारा, नवा आकडा तिघांकडून येईपर्यंत ‘झालं’ म्हणू नका.

---

नोंदवही | १७:२०

दोन्ही पायऱ्या घातल्या. सहकारी शेजारी बसला होता, त्याच्याकडून मुद्दाम चाचणीच्या झोनमध्ये सर्व्हरवर हाताने एक ओळ घालून घेतली आणि मग माझी स्क्रिप्ट चालवली. ती सीरियल जुळत नाही म्हणून थांबली, दोन्ही आकडे दाखवले आणि फाइलला हात लावला नाही. ती ओळ गिटमध्ये घेऊन, सीरियल वाढवून पुन्हा चालवली, तेव्हा चार सेकंदांत तिघांकडून नवा आकडा आला.

नवं मेल यंत्र चारला सुरू केलं. पीटीआर आणि ए रेकॉर्ड आता एकमेकांशी जुळतात. पहिले मेल बाहेर गेले, एकही परत आलेला नाही. तुम्हा तिघांचे मनापासून आभार.